रस्त्याच्या कामाजवळच्या तात्पुरत्या सिग्नलमधनं सायकलवाल्यानं आणि चालणाऱ्यानं जायचं कसं?

सायकलवाला_अनगोळ

नमस्कार मंडळी. पोस्ट मोठी झालीय पण वाचा, कारण हे माझ्या एकट्याचं नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेत मशीन शॉपला आहे, अनगोळहून रोज सायकलनं जातो. फर्स्ट शिफ्ट असली की सकाळी सहाला घर सोडायचं आणि सेकंड असली की रात्री अकराच्या पुढं परत यायचं. आमच्या वाटेवर ड्रेनेजची पाईप घालायचं काम काढलंय, अर्धा रस्ता खणून ठेवलाय आणि उरलेल्या अर्ध्यातनं दोन्हीकडची वाहनं आळीपाळीनं सोडतेत. एरवी आपल्याकडं अशा ठिकाणी झेंडे घेतलेली दोन पोरं असतात, इथं मात्र चाकांच्या गाड्यावर बसवलेले सोलरचे सिग्नल दोन टोकांना आणून उभे केलेत. पहिल्या दिवशी बघून मला बरंच वाटलं होतं, म्हटलं चला, आता घुसाघुशी थांबेल.

पण झालंय काय, हा सिग्नल मोटरवाल्यांचाच हिशोब धरून लावलाय. हिरवा पडला की मोटरसायकली, रिक्षा, टेम्पो सगळे एकदम सुटतेत, आम्ही सायकलवाले कडेला दाबले जातो, आणि ते सगळे पार होऊन गेले तरी आम्ही निम्म्यातच असतो, तेवढ्यात समोरचा हिरवा पडतो आणि तिकडची फौज अंगावर येते. ते बिचारे त्यांच्या हिरव्यातच आलेले असतात, त्यांची चूक नाही. आमचीही नाही, आम्हीपण हिरव्यातच आत शिरलेलो असतो. मग दोघंही बरोबर असताना मधे अडकतो तो सायकलवाला, आणि तिथं एका बाजूला उघडी चर आणि दुसऱ्या बाजूला मातीचा ढीग, बाजूला व्हायला वीतभर जागा नाही.

सुट्टीदिवशी मुद्दाम जाऊन उभा राहिलो आणि मोबाईलवर वेळ लावली. हिरवा ३० सेकंद, पिवळा ३ सेकंद, मग दोन्हीकडं लाल १५ सेकंद, आणि मग समोरचा हिरवा. पावलांनी मोजलं तर एका सिग्नलपासून दुसऱ्यापर्यंत १६० मीटर भरलं. मोटरसायकल ३० च्या स्पीडनं गेली तर १९-२० सेकंदांत बाहेर. मी हँडलला डबा-पिशवी अडकवून १२ च्या स्पीडनं जातो, मला ४८ सेकंद लागतात. म्हणजे हिरवा पडल्या पडल्या जो पहिला सुटेल तोच सायकलवाला ३० अधिक ३ अधिक १५ असा कसाबसा बाहेर पडतो. जो हिरव्याच्या शेवटी शेवटी आत शिरला त्याला १८ सेकंद मिळतात, तेवढ्यात तो ६० मीटर जातो, पुढचे १०० मीटर त्यानं समोरच्या गाड्यांच्या तोंडावरनं जायचे.

मागच्या आठवड्यात सेकंड शिफ्टवरनं येताना पाऊस होता. तीन दिवस ऊन नव्हतं, त्यामुळं सोलरची बॅटरी उतरली असणार, एका टोकाचा दिवा एवढा मंद झालेला की लाल आहे की पिवळा तेच कळेना. मी थांबलो, मग समोरनं काही येत नाही बघून निघालो, आणि मधे असताना समोरनं ट्रक. त्यानं ब्रेक मारला म्हणून मी आज हे लिहितोय. मी सायकल ढिगावर घातली, पुढचं चाक मातीत रुतलं, डबा पडून झाकण उघडलं आणि चरीतल्या पाण्यात गेलं. ट्रकवाल्यानं खाली उतरून मला हात दिला, सायकल उचलून दिली, तोही घाबरला होता. घरी काही सांगितलं नाही, झाकण हरवलं एवढंच सांगितलं.

आणि चालणाऱ्यांचं तर विचारूच नका. फूटपाथवर पाईपा रचल्यात, उरलेल्या जागेत तो सिग्नलचा गाडाच उभा केलाय. येळ्ळूरकडनं, मच्छेकडनं भाजीची बुट्टी घेऊन येणाऱ्या बायका वाहनांच्याच लेनमधनं चालतेत, त्यांना तर १६० मीटरला दोन मिनिटांच्या वर लागतात, एवढ्यात दोन्हीकडचं एकेकदा सुटून जातं. त्यांच्यासाठी ना दिवा ना वाट, फक्त एक लाल-पांढरी फीत लावलीय ती पण वाऱ्यानं तुटून चरीत लोंबतेय.

मला विचारायचंय ते हे, की असा सिग्नल लावताना सायकल आणि चालणारा धरून वेळ लावायचा काही नियम आहे का, असला तर तो कोणाला दाखवायचा, आणि तोवर आम्ही जायचं कसं? रस्त्याचं आणि खात्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, मला कोणाला उघडं पाडायचं नाही, काम नीट व्हावं एवढंच पाहिजे.

टेम्पो_पिरनवाडी

भाऊ, मी रोज माल घेऊन अशाच एका ठिकाणावरनं जातो. आमच्या बाजूनं सांगतो, राग मानू नका. रात्री समोरच्या गाडीची लाईट डोळ्यावर असली की मधला सायकलवाला आम्हाला दिसतच नाही हो, अगदी दहा-पंधरा मीटरवर आला की कळतं. त्यात सगळ्यांचे रेनकोट काळे नाहीतर निळे. हिरवा पडला म्हणजे आतली वाट मोकळी झाली असंच आम्ही धरतो, मागचे हॉर्न मारून मारून हैराण करतेत. आता तुम्ही सेकंदांचा हिशोब मांडलात तेव्हा पहिल्यांदा डोक्यात शिरलं की आत अजून कोणतरी असू शकतो. उद्यापासनं हिरवा पडला तरी एकदा आत बघून मगच गाडी सोडणार. तुम्ही तेवढं सायकलला पुढं पांढरा आणि मागं लाल रेडियम लावा, आणि खांद्यावरनं पट्टा घ्या रेडियमचा, रेनकोटच्या वरनं. लई फरक पडतो.

वडगावची_बाई

मी शिक्षिका आहे. आमच्या शाळेच्या वाटेवर गेल्या वर्षी असंच काम होतं, तिथं सिग्नल नव्हता, झेंडेवाला होता. एक गोष्ट सांगते, तो झेंडेवाला उत्तरेकडचा, वीस-बावीस वर्षांचा पोरगा, त्याला ना मराठी येत होती ना कन्नड, पण आठवड्याभरात आमची मुलं त्याच्या ओळखीची झाली. सकाळी मुली सायकली घेऊन आल्या की तो दोन्हीकडची वाहनं अडवून आधी त्यांना सोडायचा, शेवटची मुलगी बाहेर पडली की मगच हात खाली. यंत्राला हे कळत नाही. म्हणून मला वाटतं, निदान शाळा भरायच्या आणि सुटायच्या वेळेला सिग्नलबरोबर माणूस पाहिजेच.

दुसरं, मुलांना मी काय शिकवलं ते लिहिते, कोणाला उपयोग झाला तर बघा. सायकलवर असाल आणि सिग्नल हिरवा होऊन बराच वेळ झालाय असं दिसलं तर त्या हिरव्यात शिरायचंच नाही, पुढच्या हिरव्याला सगळ्यांच्या पुढं उभं राहायचं. उशीर झाला तर मी रागावणार नाही, हे मी वर्गात सांगून टाकलं होतं. आणि आत कधी सायकल चालवत, कधी उतरून हातात धरून असं करायचं नाही, त्यानं मागच्याचा अंदाज चुकतो.

बोर्डाबद्दलही बोलते. तिथं ‘कामगारी प्रगतियल्लिदे’, म्हणजे काम चालू आहे, असा कन्नड बोर्ड होता आणि खाली इंग्रजी. आमच्याकडं खेड्यातनं येणाऱ्या कितीतरी म्हाताऱ्या बायकांना दोन्ही वाचता येत नाही, काहींना मराठीपण नाही. भाषेचा वाद मला इथं आणायचा नाही. पण फावडं घेतलेल्या माणसाचं लाल त्रिकोणातलं चित्र, चालणाऱ्या माणसाचं चित्र आणि बाण, एवढं लावलं तरी सगळ्यांना कळतं. चित्राला कोणती भाषा लागते?

निवृत्त_साईट

अनगोळवाले भाऊ, तुम्ही स्टॉपवॉच घेऊन उभे राहिलात हे फार चांगलं केलंत. मी पस्तीस वर्षं रस्त्याच्या कामांवर काढली, खानापूर-अनमोडच्या पट्ट्यातही काम केलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

नियम आहे. इंडियन रोड्स काँग्रेसची ‘एसपी ५५’ म्हणून पुस्तिका आहे, कामाच्या जागी वाहतूक कशी सांभाळायची त्याची. आधी २००१ ला निघाली, मग २०१४ ला सुधारून आली. त्यात कामाच्या जागेचे भाग पाडलेले आहेत, आधी सूचना द्यायचा पट्टा, मग वाहनं वळवायचा, मग प्रत्यक्ष काम आणि शेवटी पुन्हा मूळ रस्त्याला आणून सोडायचा. चालणाऱ्यांची आणि सायकलवाल्यांची सोय हा त्यातलाच भाग आहे, कंत्राटदारानं उपकार म्हणून करायची गोष्ट नाही. बऱ्याच टेंडरमध्ये बॅरिकेड, दिवे, झेंडेवाले यांचे पैसे धरलेले असतात, काम चालू असताना लोक विचारत नाहीत म्हणून ते तसेच राहतात. फूटपाथसाठी ‘आयआरसी १०३’ वेगळं आहे, त्यात चालायला किमान १.८ मीटर मोकळी रुंदी सांगितलीय. कामाच्या जागी तेवढी मिळत नसेल हे मी समजू शकतो, पण शून्य कशी चालेल?

आता सेकंदांचं. दोन्हीकडं लाल असते त्या वेळेला आम्ही ‘ऑल रेड’ म्हणतो. ती कशासाठी असते तर आत शिरलेला शेवटचा माणूस बाहेर पडेपर्यंत. म्हणजे ती सगळ्यात सावकाश जाणाऱ्यावरनं काढायला पाहिजे, मोटरसायकलवरनं नाही. हिशोब सोपा आहे, लांबी भागिले स्पीड. १२ किलोमीटर म्हणजे सेकंदाला ३.३३ मीटर, १६० मीटरला ४८ सेकंद, पिवळ्याचे ३ वजा केले की ऑल रेड ४५ पाहिजे. चढ असला आणि स्पीड ८ वर आला तर ७२ सेकंद लागतील. चालणारा सेकंदाला १.२ मीटर धरतात, त्याला २ मिनिटं १३ सेकंद. यावरनंच कळतं की चालणाऱ्याला त्या लेनमधनं सिग्नलच्या भरवशावर पाठवायचंच नसतं, त्याची वाट वेगळीच पाहिजे, बॅरिकेडच्या आतनं.

सिग्नलच्या गाड्यावर एक पेटी असते, तिची किल्ली साईट सुपरवायझरकडं असते, वेळ बदलायला पाच मिनिटं पण लागत नाहीत. पण बरेचदा काय होतं, सिग्नल एका साईटवरनं दुसऱ्या साईटवर येतो आणि मागच्या साईटची वेळ तशीच राहते. मागची साईट ५०-६० मीटरची असेल तर १५ सेकंद तिथं बरोबरच होते. सुपरवायझरला दोष द्यायच्या आधी हे त्याला विचारा.

आणि रात्रीचं सगळ्यात महत्त्वाचं. सोलर सिग्नल पावसात दगा देतो हे आपल्या बेळगावच्या जून ते सप्टेंबरात ठरलेलंच आहे. तेव्हा बॅटरी बदलून ठेवायची नाहीतर माणूस उभा करायचा. दोन टोकांचे झेंडेवाले एकमेकाला दिसत नसतील तर वॉकीटॉकी द्यायची नाहीतर मधे तिसरा माणूस. दिवा गेलेला सिग्नल हा सिग्नल नसण्यापेक्षा वाईट, कारण लोक त्याच्यावर विसंबून असतात.

मारुती_गल्ली

काकांचं सगळं पटतं, पण ऑल रेड ४५ केली तर लाईन कुठवर जाईल विचार केलाय का? संध्याकाळी तिसऱ्या रेल्वे गेटकडं, आरपीडी कॉलेजकडं आधीच पाय ठेवायला जागा नसते. माणसं कंटाळली की लालमधेच घुसतेत, मग तर अजून वाईट.

निवृत्त_साईट

@मारुती_गल्ली बरोबर बोललात, ही शंका खोटी नाही. आता दोन्हीकडचे हिरवे एकेकदा होऊन जायचा फेरा ९६ सेकंदांचा आहे, ४५ केलं तर १५६ चा होईल, बरोबर एक मिनिट वाढतं. त्यात लोक घुसणारच. म्हणून खरा उपाय वेळ वाढवायचा नाही, लांबी कमी करायचा आहे. १६० मीटर एकदम कशाला उघडायचं? पाईप एका दिवसात किती घालतेत, पंधरा-वीस मीटर? मग ६० मीटर उघडा, घाला, बुजवा, पुढं सरका. ६० मीटरला सायकलला १८ सेकंदच लागतात, म्हणजे पिवळा ३ आणि ऑल रेड १५, आत्ता जी वेळ लावलीय तीच पुरते, फेरा एका सेकंदानंही वाढत नाही. पोकलेन एकदा आला की सगळं खणून घ्यायचं, कारण त्याचं भाडं तासावर असतं, हे त्यामागचं कारण. मीही तसं केलंय, खोटं कशाला सांगू. १९९० च्या दशकात एका साईटवर मी चर उघडी ठेवली होती, सहा दिवस, पाईप आलेच नव्हते. रात्री एक म्हातारबाबा पडले, मांडीचं हाड मोडलं. ते नंतर काठी घेऊन चालायचे, मला बाजारात भेटले की नमस्कार करायचे. त्या नमस्काराचा त्रास मला अजून होतो.

वाहनांची थांबायची रेघ सिग्नलच्या चार-पाच मीटर मागं आखली आणि सायकलवाल्यांना रेघेच्या पुढं उभं राहू दिलं तरी ते आधी सुटतील. एक डबा पांढरा पेंट लागतो.

खानापूर_ते_लीड्स

मी मूळ खानापूरचा, आता इंग्लंडमध्ये लीड्सला असतो. इथं असे तात्पुरते सिग्नल गल्लीबोळात असतात, पाण्याची, गॅसची, केबलची कामं कायम चालू. आपल्याकडच्याशी ताडून बघायला म्हणून सांगतो.

इथं लाल कव्हरची एक पुस्तिका आहे, सगळे तिला रेड बुकच म्हणतात. १९९१ च्या रस्तेकामाच्या कायद्याखाली ती आहे, त्यामुळं काम करणाऱ्यावर ती बंधनकारक असते. तिच्यात चालणाऱ्याची वाट किमान १ मीटर आणि होता होईल तो दीड मीटर रुंद ठेवायला सांगितलीय. फूटपाथ बंद करावाच लागला तर रस्त्याच्याच एका पट्टीवर बॅरिकेड लावून वाट काढतेत आणि फूटपाथच्या कडेला चढायला-उतरायला छोटा रॅम्प ठेवतेत, म्हणजे बाबागाडी, व्हीलचेअर जाते. सिग्नलजवळ ‘लाल दिवा असताना इथं थांबा’ असा बोर्ड असतो. आणि असा आळीपाळीचा सिग्नल ३०० मीटरपेक्षा लांब कामाला लावत नाहीत.

तरी इथंही सगळं आलबेल आहे असं नाही. मी सायकलनं कामावर जातो आणि चढावर माझ्यापण अंगावर समोरची वाहनं आलीत. काही सिग्नलांवर रडार असतो, वाहन आलेलं ओळखून हिरवा देणारा, तो मोटार ओळखतो पण एकटी सायकल कधी कधी ओळखत नाही, मग लालवरच उभं राहायचं. फरक एवढाच की सिग्नलच्या गाड्यावर फोन नंबर लिहिलेला असतो, फोन केला की माणूस येऊन बघतो. २०२२ च्या जानेवारीत इथल्या वाहतुकीच्या नियमांत बदल झाला, ज्याच्या हातून दुसऱ्याला जास्त इजा होऊ शकते त्याची जबाबदारी जास्त, जपायचं ते सगळ्यात आधी चालणाऱ्याला, मग सायकलवाल्याला. अनगोळच्या दादांनी ट्रकवाल्याचं लिहिलंय ना, खाली उतरून हात दिला म्हणून, ते वाचून गावची आठवण आली.

काठीवाला_भाऊ

माझ्या धाकट्या भावाला दिसत नाही, पांढऱ्या काठीवर तो एकटा बसस्टँडपर्यंत जातो येतो. चालणाऱ्यांत तोही आला म्हणून लिहितोय. बॅरिकेड म्हणून जी फीत बांधतेत ती कमरेएवढी उंच असते, काठी तिच्या खालनं जाते, त्याला काही लागतच नाही, आणि पुढचं पाऊल थेट चरीत. एकदा असंच झालं, नशीब की चर गुडघ्याएवढीच होती. फूटपाथवर आडवी टाकलेली सिग्नलची केबल, खडीचा ढीग, हे सगळं त्याला पायानंच कळतं, तेही कळेपर्यंत उशीर झालेला असतो. त्याला आवाजानं रस्ता कळतो, पण एकच लेन आळीपाळीनं चालली की तोही अंदाज चुकतो, कारण वाहनं उलट्या बाजूनं पण येतात. कुठल्या बाजूनं येणार ते कसं ओळखायचं? तळाला काहीतरी आडवं पाहिजे, काठी आपटेल असं.

निवृत्त_साईट

भाऊ, तुमच्या धाकट्याचं बरोबर आहे, फीत म्हणजे बॅरिकेड नव्हेच. फीत फक्त डोळस माणसाला आणि तीही दिवसा.

अनगोळवाल्यांनी विचारलं होतं कोणाला दाखवायचं. आधी साईटवरच्या सुपरवायझरला, शांतपणे. मग ज्या खात्याचं काम आहे तिथल्या इंजिनिअरला लेखी, पोच घेऊन, त्यात तुमचे सेकंद आणि मीटर लिहा, फोटो जोडा, दिवसाचा एक आणि रात्रीचा एक. कामाचा वाहतूक आराखडा मंजूर झालाय का ते माहितीच्या अधिकारात मागता येतं. राष्ट्रीय महामार्गावरचं काम असेल तर १०३३ ला फोन करा, आणि सिग्नल बंद पडून आत्ता लगेच धोका असेल तर ११२. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं १९८ अ कलम आलंय, रस्त्याचं डिझाईन, बांधकाम, देखभाल यांची ठरवलेली मानकं पाळली नाहीत आणि त्यामुळं कोणाचा जीव गेला किंवा अपंगत्व आलं तर जबाबदार खात्याला, कंत्राटदाराला एक लाखापर्यंत दंड. पत्रात ते लिहा, धमकी म्हणून नको, माहिती म्हणून. २०२५ च्या मे महिन्यात सुप्रीम कोर्टानंही सांगितलंय की फूटपाथवरनं चालायचा हक्क हा जगण्याच्या हक्काचाच भाग आहे.

हे मी एवढं लावून का धरतो, तर केंद्राच्या आकड्यांप्रमाणं २०२२ साली देशात रस्त्यावर १,६८,४९१ माणसं गेली, त्यातली ३२,८२५ पायी चालणारी होती.

सायकलवाला_अनगोळ

काका, सगळ्यांचेच आभार. मी काल आणि आज काय झालं ते लिहितो.

आम्ही पाच जण गेलो होतो, तिघं शॉपमधले, एक मच्छेची भाजीवाली मावशी आणि मी. सुपरवायझर पोरगेलासा, कन्नडवाला, माझं कन्नड कामचलाऊ, पण जमलं. काकांनी सांगितल्याप्रमाणं आधी विचारलं की हा सिग्नल आधी कुठल्या साईटवर होता. तो हसला आणि म्हणाला दुसऱ्या गावात एका मोरीच्या कामाला होता, वेळ तिथलीच आहे, मला कोणी बदल म्हणून सांगितलंच नाही. मी मोबाईलमधला हिशोब दाखवला. त्यानं पेटी उघडली, आत छोटासा डिस्प्ले आणि चार बटणं, बाकी काही नाही. ऑल रेड ४५ केली आणि आम्ही तिथंच उभं राहून बघितलं. मावशींनी मला सायकल घेऊन हिरव्याच्या अगदी शेवटी पाठवलं, मी सावकाश गेलो आणि बाहेर पडल्यावर मागं वळून बघितलं तर समोरचा अजून लालच. खरं सांगतो, छातीवरचा दगड उतरला.

मारुती गल्लीवाल्यांनी म्हटलं तसंच संध्याकाळी झालं, लाईन लांब गेली, दोघं-तिघं लालमधे घुसले. सुपरवायझरनं रात्रीच फोन करून सांगितलं की जिथं पाईप घालून झाल्यात तेवढी चर उद्या बुजवून घेतो. आज सकाळी बघितलं तर अनगोळकडची बाजू बुजवून रोलर फिरवलाय, सिग्नल पुढं सरकवलाय, आता मधलं अंतर माझ्या पावलांनी ७० मीटर भरतंय. ऑल रेड त्यानं २० वर आणलीय, मी हिशोब केला, ७० ला २१ सेकंद, पिवळा धरून २३ मिळतेत. बसतंय.

रात्री पाऊस असला तर एक माणूस टॉर्च घेऊन ठेवतो म्हणालाय, ते मी या आठवड्यात सेकंड शिफ्टला बघेन. पेंटची रेघ मात्र वरनं परवानगी लागेल म्हणाला, त्याचं पत्र दिलंय, पोच घेतलीय. फूटपाथवरचा सिग्नलचा गाडा हलवला, पाईपा अजून आहेत. चालणाऱ्यांना एका बाजूनं साधारण मीटरभर वाट मिळालीय, मावशी डोक्यावर बुट्टी घेऊन त्यातनं गेल्या, एका जागी अंग तिरकं करावं लागलं.

बॅरिकेड पत्र्याचे आलेत पण खाली सगळे पोकळ, काठीवाल्या भावांनी सांगितलं तसंच, काठी आरपार जाते. मी सुपरवायझरला म्हटलं आमच्या शॉपमध्ये भंगार पट्ट्या पडलेल्या असतात, मालकाला विचारून मी त्या तळाला वेल्डिंग करून देतो, तो हो म्हणाला. मालक पण हो म्हणालेत. लीड्सच्या दादांना विचारायचंय, तुमच्याकडं अशी तळाची पट्टी किती रुंद आणि जमिनीपासनं किती उंचीवर लावतेत?

खानापूर_ते_लीड्स

दादा, आत्ताच बघून सांगतो. पट्टी किमान १५ सेंटीमीटर रुंद पाहिजे आणि तिची खालची कड जमिनीपासनं २० सेंटीमीटरच्या वर जाता कामा नये. सलग पाहिजे, दोन बॅरिकेडच्या मधे फट नको. कडा घासून घ्या, लहान मुलांचे हात लागतेत.

काठीवाला_भाऊ

लावायच्या आधी एकदा सांगा, मी धाकट्याला घेऊन येतो. तो काठीनं बघून सांगेल लागतेय की नाही.

सायकलवाला_अनगोळ

या की. रविवारी सकाळी दहाला, गाड्या कमी असतात. माझ्याकडं चौदा बॅरिकेडचं माप आहे, शनिवारी रात्रीपर्यंत पट्ट्या कापून होतील. वडगावच्या बाई, तुमच्याकडं चालणाऱ्या माणसाचं आणि बाणाचं चित्र काढून देणारी मुलं असतील तर तेही त्याच दिवशी लावून टाकू, पत्रा मी आणतो.

वडगावची_बाई

आहेत, नववीतल्या दोघी. लाल आणि पांढरा ऑईलपेंट तेवढा आणून ठेवा, आम्ही साडेनऊलाच येतो.